एका गोलामागे चाळीस

हरण्याचीही सवय लागते. ज्या फुटबॉल क्लबाची ही गोष्ट आहे, त्याला ती इतकी लागली होती की गुणफलकावरचा यजमानांचा शून्याचा पत्रा खिळ्याला लटकून लटकून भोकाशी फाटला आणि दोनदा नवा करून घ्यावा लागला. पाहुण्यांच्या बाजूला आठचा पत्रा मुळात नव्हताच. तो एका शनिवारी रंगाऱ्याला जेवणावरून उठवून तातडीने करवून घेतला. गोलरक्षकाला सगळे चाळण म्हणत आणि तो ओ देत असे. ‘चाळणीत निदान खडे तरी अडतात,’ असं त्याची सख्खी आई म्हणायची. आता हे सगळं जसंच्या तसं घडलं असेल असं नाही. पण हा क्लब पुढे जगभर प्रसिद्ध झाला, एवढं मात्र खरं; ते पुस्तकांत छापलेलं आहे. आणि प्रसिद्ध झाला तो एका माणसाच्या अंगठ्यामुळे आणि दुसऱ्याच्या पेनच्या टोपणामुळे.

अंगठा मामांचा. मामा म्हणजे क्लबाचे दारवान. मैदानाला आत यायला पूर्वेचं एकच दार, आणि त्या दाराशी स्टूल टाकून मामा एकतीस वर्षं बसले. हातात टिकटिकी. मुठीत मावणारं, अंगठ्याने दाबायचं मोजणीयंत्र ते. एक माणूस आत, एक टिक. मध्यंतराला मामा तो आकडा चिठ्ठीवर लिहून भोंग्यावर बोलणाऱ्याकडे न्यायचे आणि तो बाबा खर्जात जाहीर करायचा, “आजची उपस्थिती...” तेवढं ऐकायला मार खाल्लेले खेळाडू कपडे बदलायच्या खोलीचं दार उघडं ठेवायचे. मग मामा तोच आकडा, तोवरच्या गोलांसकट, वहीत चढवायचे. अशा वह्या एकवीस झाल्या होत्या.

टोपण त्यांच्या भाच्याचं. थोरल्या बहिणीचा एकुलता मुलगा, कॉलेजात क्रीडा-व्यवस्थापन शिकवायचा. म्हणजे खेळायचं नाही, खेळाचा धंदा कसा चालवावा ते खेळवणाऱ्यांना सांगायचं. लहानपणापासून जिथे तिथे मोजत बसायचा, म्हणून घरात त्याला आकडेबुवा म्हणत. त्याने डॉक्टरेटला नाव नोंदवलं तेव्हा त्याची आई शेजारणींना सांगत सुटली, “आमचा मुलगा फुटबॉलमध्ये डॉक्टर होतोय.” शेजारणी गुडघे दाखवायला यायला लागल्या.

प्रबंधाचा विषय होता, संघाच्या हारजितीचा प्रेक्षकांच्या गर्दीवर काय परिणाम होतो. विषय बरा होता, पण आकडे कुठून आणायचे? मोठे क्लब दारात उभं करेनात. मग त्याला मामा आठवले. गरज पडल्यावर आठवणारा नातेवाईक म्हणजे मामाच.

मामांनी एकवीसच्या एकवीस वह्या पुसून, दोऱ्याने बांधून त्याच्यापुढे ठेवल्या. मामी शेजारी शर्टाला बटण लावत बसल्या होत्या. आकडेबुवाने चार दिवस आकडे उतरवून घेतले, संगणकात घातले, आणि पाहतो तर काय! मध्यंतरापर्यंत संघ जितक्या गोलांनी मागे, तितकी गर्दी जास्त. थोडीथोडकी नाही, एका गोलामागे जवळजवळ बरोबर चाळीस माणसं. रेघ अशी चढत गेली होती की तिच्यावर पाय ठेवून माळ्यावर जाता यावं. तो धावतच मामांकडे आला. एकच बारीक गोष्ट विचारायची राहिली होती. वहीत आकड्यांशेजारी पेन्सिलीचे ठिपके होते. कुठे एक, कुठे तीन, कुठे नाहीच.

“मामा, हे ठिपके कसले?”

“ते होय? ते माझे चाळीस.”

“चाळीस काय?”

“अरे, पोरं मध्यंतराला खाली मान घालून आत येतात. वर तो भोंगा ओरडणार, आज दोनशे बारा. म्हणजे जखमेवर मीठच की. मग मी खाल्लेल्या एका गोलामागे चाळीस टिक जास्त दाबतो. तीन गोल, एकशेवीस. तेवढंच त्यांना वाटतं, एवढी माणसं आपल्यासाठी बसलीयत. आणि माझं मला कळावं म्हणून एक ठिपका, एक चाळीस. हे लिही हं तुझ्या त्या पुस्तकात, नाहीतर घोळ होईल.”

“लिही रे बाबा,” मामी दोरा तोडत म्हणाल्या. “यांचा अंगठा घरीसुद्धा थांबत नाही. परवा झोपेत माझा दंड दाबत होते. सकाळपर्यंत मी तीनशे माणसं झाले होते.”

तिघेही खूप हसले. हसता हसता आकडेबुवाने हातातल्या पेनला टोपण लावलं. टक् असा आवाज झाला. एवढंच. पुढे जे काही झालं ते त्या टक् मधून झालं.

घरी जाताना तो स्वतःला सांगत होता की मामा थट्टेखोर आहेत. तरी राहवेना म्हणून त्याने एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर तीन वर्षांचे आकडे मांडले, प्रत्येक ठिपक्यामागे चाळीस वजा केले आणि रेघ काढून पाहिली. रेघ तापाने पडलेल्या माणसासारखी आडवी झाली. हरा की जिंका, तीच दोनशे माणसं येत होती. ही तीच दोनशे माणसं का येतात, हा विषय खरं तर जास्त चांगला होता. पण मार्गदर्शकांनी महिनाअखेरची मुदत दिली होती. आकडेबुवाने पाकीट फाडलं. मग ते तुकडे पुन्हा फाडले.

प्रबंध झाला, त्याचा शोधनिबंध झाला, निबंध एका मोठ्या जर्नलकडे गेला. तिथल्या एका परीक्षकाने मात्र नेमकं बोट ठेवलं. प्रेक्षक सामन्याच्या आधी आत येतात, गोल नंतर होतात. मग नंतरच्या गोलांनी आधीची गर्दी वाढते कशी? आकडेबुवा दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने उत्तर पाठवलं की निष्ठावान प्रेक्षकाला येऊ घातलेल्या पराभवाचा सुगावा आधीच लागतो आणि अशा वेळी आपल्या संघाजवळ असावं म्हणून तो घरातून निघतो. या ओढीला त्याने नाव दिलं, पराभवगंध. इतकं मूर्ख वाक्य सुचायला माणसाला फार शिकावं लागतं. परीक्षक खूष झाला. निबंधाला त्या वर्षीचं बक्षीस मिळालं.

मग काय, परिषदा, विमानं, गळ्यात अडकवायच्या नावाच्या पट्ट्या. पराभवगंधावर अकरा देशांत अभ्यास झाले. असं सांगतात की एका क्लबाने गंध वाढावा म्हणून आपला गोल मारणारा एकुलता एक खेळाडू सोडून दिला. दुसऱ्याने जाहिरातीत रडणारा गोलरक्षक छापला. तिसऱ्याने प्रशिक्षकालाच बजावलं की मध्यंतरापर्यंत दोन खा, मग बघू. त्यांचे प्रेक्षक अजून वाटेत आहेत.

आकडेबुवाला मात्र एक विचित्र दुखणं जडलं. व्याख्यान संपून टाळ्या सुरू झाल्या की त्याला प्रत्येक टाळी टिक अशी ऐकू यायची आणि कान तापायचे. आणि आठ वर्षांत तो आपल्या मामांच्या मैदानावर एकदाही मध्यंतरापर्यंत थांबला नाही. काहीतरी काम काढून आधीच उठायचा.

छापील निबंधाच्या शेवटी एक ओळ होती: ‘उपस्थितीची नोंद अत्यंत काटेकोरपणे ठेवणाऱ्या माझ्या मामांचा मी ऋणी आहे.’ मामांना तो निबंध वाचता येत नव्हता, पण ती ओळ भाच्याने वाचून दाखवली होती. मामांनी प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटावर ठेवली.

“आणि ते चाळिसांचं? ते लिहिलंस ना रे?” त्यांनी विचारलं होतं.

“लिहिलंय, मामा.”

“मग हरकत नाही,” मामा म्हणाले. तेव्हापासून ते दारावर येणाऱ्या ओळखीच्या माणसाला थांबवून सांगत की परदेशातली माणसंसुद्धा माझा अंगठा वाचतात.

क्लबाच्या चिटणिसांना नव्या वस्तूंची भारी हौस. एके दिवशी त्यांनी आकडेबुवाला फोन केला. “डॉक्टर, तुमच्यासाठी भेट आहे, या!” जाऊन पाहतो तर पूर्वेच्या दारात लोखंडी फिरतं दार बसवलेलं. एकेक माणूस ढकलून आत जातो आणि वरच्या काचेत आकडा आपोआप पुढे सरकतो. “आता तुमचा सिद्धांत यंत्राने सिद्ध होणार,” चिटणीस म्हणाले. “आणि मामांनाही आराम. त्यांचं नाव द्यायचं ठरवलंय आपण दाराला. वर्ष संपलं की रंगवून घेऊ.”

“उत्तम,” आकडेबुवा म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

मामा स्टुलावर तसेच बसून होते, टिकटिकी हातात, आता नुसती शोभेला. नावाचं कळल्यावर ते म्हणाले, “मला कशाला, दाराला काय वाचता येतं?” पण मामींनी भाच्याला हळूच सांगितलं की मामा रोज संध्याकाळी पाठकोऱ्या कागदांवर आपलं नाव मोठ्या अक्षरांत काढून पाहतात आणि कोणी आलं की पालथं घालतात.

वर्ष संपलं. संघ रीतसर हरला. यंत्राचे आकडे आले: दोनशे बारा, एकशे अठ्ठ्याण्णव, दोनशे वीस. तीन गोल खाल्ले तरी तेच, चुकून जिंकले तरी तेच. पराभवाचा वास कोणालाही आला नव्हता. चिटणिसांनी आधी यंत्राला दोष दिला. खात्री करायला स्वतः पन्नास वेळा त्या दारातून गोल फिरले. यंत्राने पन्नास दाखवले. चिटणिसांना चक्कर आली, तो भाग वेगळा.

“म्हणजे यंत्र ठीक आहे,” ते आकडेबुवाला म्हणाले. “मग गेली एकतीस वर्षं मोजणारा चुकत होता. डॉक्टर, तुम्हीच एक अहवाल द्या. कोण चुकलं, कसं चुकलं. तुम्ही लिहाल ते समिती मानेल.”

त्याच आठवड्यात दुसऱ्या एका विद्यापीठातून पत्र आलं. तिथली एक संशोधक बाई पराभवगंध पुन्हा तपासून पाहत होती. ती प्रत्येक परिषदेत हात वर करायची, म्हणून तिला सगळे शंकाबाई म्हणत. तिला मूळ वह्या पाहायच्या होत्या; जर्नलच्या नियमाने नाही म्हणता येत नव्हतं. सोमवारी येते, असं तिने कळवलं होतं. आणि त्याच महिन्यात कॉलेजात आकडेबुवा विभागप्रमुख व्हायचा होता. संकटंसुद्धा नातेवाइकांसारखी, एकत्रच येतात.

खरं सांगायचं तर अहवाल एका ओळीचा होता. मामांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मी लिहिलं नाही. पण ती ओळ लिहायला बसला की तो पेनचं टोपण काढायचा आणि परत लावायचा. शेवटी त्याने लिहिलं: ‘मोजणी करणाऱ्या व्यक्तीने आकड्यांत परस्पर वाढ केल्याचे दिसते. यात अभ्यासकाची दिशाभूल झाली.’ वाक्यं शुद्ध होती. त्यांत मामा कुठेच नव्हते. एक व्यक्ती होती. आणि तो स्वतःही नव्हता. एक अभ्यासक होता, बिचारा.

शुक्रवारी संध्याकाळी क्लबाच्या खोलीत समितीची बैठक झाली. खोलीत चषकांचं काचेचं कपाट होतं आणि त्यात एकच चषक, सभ्य वर्तनाचा. टेबलाभोवती चिटणीस, समितीचे चौघे आणि चाळण, जो आता पोरांचा प्रशिक्षक झाला होता. आकडेबुवा पाण्याच्या तांब्याशेजारी बसला.

मामा आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. खिशात घडी केलेला कागद. त्यांना वाटलं होतं, नावासाठीच बोलावलंय. अक्षरं कशी हवीत ते रंगाऱ्याला देता येईल म्हणून कागद आणला होता. आकडेबुवाने तो कागद पाहिला. अजूनही वेळ होता. त्याने तांब्यातून पेल्यात पाणी ओतलं.

चिटणिसांनी अहवाल वाचला. ‘व्यक्ती’ या शब्दापाशी मामांना काही कळलं नाही. ‘परस्पर’ला त्यांच्या भुवया जरा वर गेल्या. ‘दिशाभूल’ला त्यांना सगळं कळलं: चाळिसांचं लिहिलंच नव्हतं. आठ वर्षांपूर्वीही नाही आणि आज तर नाहीच.

मामांनी भाच्याकडे पाहिलं. फार नाही, दारातून माणूस आत जाताना पाहावं, तेवढंच.

“मामा, तुम्हाला काही बोलायचंय?” चिटणिसांनी विचारलं.

मामांचा हात मांडीवर होता. त्यांचा अंगठा बोटावर एकदा दाबला गेला, नुसताच, टिकटिकी नसताना. मग ते म्हणाले, “बरोबर लिहिलंय त्याने. मीच घालायचो जास्तीचे. भाच्याला काय माहीत? त्याला मी कधी बोललोच नाही.”

आकडेबुवाने तो अंगठा पाहिला होता. एकतीस वर्षं तो अंगठा असा, दारात माणूस नसताना, फक्त एकाच कारणाने दाबला जायचा, समोरचा हरत असेल तेव्हा. त्याला ओरडून उठावंसं वाटलं. तो पाणी प्याला. पेला रिकामा झाला तरी तो तोंडाशीच धरून राहिला.

समितीने ठरवलं की दारावर नाव नको, आणि किल्ल्या व टिकटिकी जमा करावी. मामांनी किल्ल्या ठेवल्या. टिकटिकीवर यंत्र येण्याआधीचा कुठलातरी आकडा होता. त्यांनी तो बाजूची कळ फिरवून शून्यावर आणला आणि मग ती टेबलावर ठेवली. “चला,” म्हणाले आणि निघाले. कागद खिशातच राहिला.

बाहेर जिन्यात चाळणने आकडेबुवाला गाठलं. “काय हो डॉक्टर, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?”

“काय?”

“मामांचे चाळीस. आम्हाला माहीत होतं की! गोल खाल्ल्यावर गोलरक्षकाला दुसरं काम काय असतं? चेंडू मध्यात नेईपर्यंत मी बाकांवरची माणसं मोजायचो. दोनशे असायची. भोंगा सांगायचा तीनशे वीस. आम्ही आत बसून एकमेकांना टाळ्या द्यायचो, आज मामांनी तीन दिले रे! ते ऐकल्यावर मध्यंतरानंतर उतरायला जरा पाय उचलायचा. गावाला, म्हाताऱ्याकोताऱ्यांना, भोंगेवाल्याला, सगळ्यांना माहीत. तुम्ही तर घरचे, आणि वर डॉक्टर.” त्याने आकडेबुवाकडे नीट पाहिलं. “तुम्हाला नव्हतं माहीत?”

“नव्हतं,” आकडेबुवा म्हणाला.

“बरं,” चाळण म्हणाला. ते ‘बरं’ असं होतं की त्याच्यापेक्षा कानाखाली मारली असती तर परवडलं असतं.

रविवारी दुपारी आकडेबुवाने प्रबंधापासून त्याच्याच घरी पडून असलेल्या वह्या काढल्या. बायको माहेरी गेली होती, घर रिकामं होतं. पुढे ठेवला खोडरबर. ठिपके गेले की शंकाबाईला नुसते आकडे दिसतील, आणि आकडे काय, मामांच्या माथी मारता येतील. तसे ते मारून झालेच होते. त्याने पहिलं पान खोडलं. दुसरं खोडलं. पेन्सिलीचा ठिपका लहान असतो, पण मामांनी तो जोर देऊन काढलेला. रबर घासलं तरी कागदात खळगा राहायचा आणि बोटाला लागायचा. तिसऱ्या पानावर चार ठिपके होते. त्या दिवशीचा सामना त्याला आठवला. तो तेव्हा नऊ वर्षांचा होता आणि दारापाशी मामांच्या स्टुलाजवळ उभा होता. मामांनी त्याच्या हातात टिकटिकी देऊन म्हटलं होतं, “दाब तू, माझा अंगठा दुखला. एकशेसाठ झाले की सांग.” त्याने मोजून एकशेसाठ वेळा दाबली होती. पहिल्यांदा कुणीतरी त्याला मोजायचं काम दिलं होतं. म्हणजे पहिल्याच दिवशी कळलं, असंही नव्हतं. त्याच्याही आधीपासून ते त्याच्या स्वतःच्या अंगठ्यात होतं.

त्याने चारही ठिपके खोडले होते. रबराचा भुगा पानावर पडला होता. तो फुंकायचं त्याला धाडस होईना. तो तसाच बसून राहिला, आणि घरात कोणी नसताना त्याने तोंडावर हात घेतले.

सोमवारी शंकाबाई वेळेवर आली. कॉलेजातल्या त्याच्या खोलीत समोरच्या खुर्चीवर बसली, पाणी नको म्हणाली आणि पहिली वही उघडली. पानं उलटली. मागे गेली. पुन्हा पुढे आली. खिडकीजवळ नेऊन पान तिरकं धरलं.

“सर, हे ठिपके कसले?”

त्याच्या कानात आठ वर्षांपूर्वीचा त्याचाच आवाज वाजला.

“आणि पहिल्या तीन पानांवर खोडलेत,” ती म्हणाली. “खळगे आहेत.”

आकडेबुवाच्या डोक्यात तीन उत्तरं तयार होती. तिन्ही शुद्ध भाषेत होती.

“पेन आहे तुमच्याकडे?” त्याने विचारलं.

“आहे.”

“टोपण काढा.”

तिने काढलं.

“एक ठिपका म्हणजे चाळीस माणसं जास्तीची. संघ हरत असेल तर मामा, म्हणजे दारवान, घालायचे. खेळाडूंना वाईट वाटू नये म्हणून. चाळीस वजा करा, मग आकडे खरे आहेत. रेघ आडवी येते. मी काढून पाहिली होती.”

“कधी?”

इथे त्याला अजून एकदा पळता आलं असतं. मागच्या आठवड्यात, म्हटलं असतं तर तिला कुठे कळणार होतं?

“प्रबंध लिहिण्याआधी. मामांनी मला स्वतः सांगितलं होतं, हे लिही म्हणून. आणि हे तीन पानांवरचे काल मी खोडले.”

शंकाबाईने मान वर केली नाही. लिहीत राहिली. तिने रागावून पाहिलं असतं, निदान आश्चर्याने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. पण तिने शिष्टाचार पाळला. फक्त एकदा विचारलं, “यात तुमचं नाव घालू, की ‘अभ्यासक’ म्हणू?”

“नाव घाला,” तो म्हणाला. “दोघांचंही.”

तेच सगळं त्याने जर्नलला आणि क्लबाच्या समितीला लिहून पाठवलं. जर्नलने निबंध मागे घेतला. विभागप्रमुख दुसरा कोणी झाला. कॉलेजातले सहकारी बोलायचे, पण तो खोलीत शिरला की विषय बदलायचे आणि हवेवर बोलायला लागायचे. त्या वर्षी हवेवर इतकं बोलणं झालं की हवामान खात्याला लाज वाटावी. चिटणिसांनी टिकटिकी मामांच्या घरी परत पाठवली. नावाचं बघू म्हणाले. यंत्र काही काढलं नाही.

मामा मात्र भाच्याशी बोलेनात. मामी दार उघडायच्या, चहा द्यायच्या आणि म्हणायच्या, “झोपलेत.” आतून खोकल्याचा आवाज यायचा.

नव्या वर्षाच्या पहिल्या सामन्याला आकडेबुवा मैदानावर गेला. फिरतं लोखंडी दार त्याने ढकललं, काचेतला आकडा एकने पुढे सरकला. मामा आता स्टुलावर नव्हते. सगळ्यांत वरच्या बाकावर, चार म्हाताऱ्यांच्या मधोमध बसले होते. तो जाऊन एक पायरी खाली बसला. संघाने पहिला गोल खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसरा तर स्वतःच्या खेळाडूने घातला. मध्यंतर झालं. आठ वर्षांत पहिल्यांदाच तो उठला नाही.

“आजची उपस्थिती,” भोंगा म्हणाला, “दोनशे चार.”

खाली, कपडे बदलायच्या खोलीचं दार उघडं होतं. ते कोणीतरी आतून लावून घेतलं.

“मी झाकलं होतं की रे,” मामा मागून म्हणाले.

“हो, मामा.”

“मग कशाला उघडलंस?”

पुढच्या बाकाच्या फळीवरचा रंग तो नखाने काढत राहिला. मग म्हणाला, “तुम्ही विचारलं होतं, लिहिलंस ना. मी लिहिलंय म्हणालो.”

“ते लागलं,” मामा म्हणाले. “अहवाल-बिहवाल जाऊ दे. ते लागलं मला. मी आठ वर्षं दारावर सगळ्यांना सांगत बसलो ना, बावळटासारखा.”

संघ पुन्हा मैदानात उतरला, पाय ओढत.

“आता कितीने हरतोयस?” मामांनी विचारलं.

“आठ-शून्य.”

“तीनशेवीस,” मामा ताडकन म्हणाले आणि हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, ठसक्यात पुन्हा हसू. आकडेबुवाच्या कानांच्या पाळ्या पेटल्या. मामांनी पाठीवर हात ठेवावा असं त्याला फार वाटलं, पण हात आला नाही. शेजारचे चारही म्हातारे वळले.

“काय झालं? आम्हाला पण सांगा की.”

मग मामांनी सांगायला घेतलं. अगदी पहिल्यापासून. एकवीस वह्या, ठिपके, मामींचा दंड, टोपण, अकरा देश, रडणारा गोलरक्षक, इस्त्रीचा शर्ट. काही म्हणून गाळलं नाही. जिथे कमी पडलं तिथे चाळीस जास्तीचे घातले. पुढच्या बाकांवरचे लोकही सामना सोडून मागे वळून ऐकायला लागले. कोणी मांडीवर थाप मारत होतं, कोणी डोळे पुसत होतं. आकडेबुवा त्या सगळ्यांच्या मधोमध, गुडघ्यांवर हात ठेवून, मान खाली घालून बसला होता. उठून जायचं काम त्याच्याकडे आज कुठलंच नव्हतं.

“आणि मग तो भाचा कुठे गेला हो?” एका म्हाताऱ्याने विचारलं. “कसला दिसतो तरी?”

मामांनी अंगठ्याने दाखवलं.